ऊब आहे, उजेड कुठाय?

नमस्कार मावशी,

मी मूळची सावंतवाडीची. लग्न होऊन नाशिकला आले त्याला अकरा वर्षं झाली. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दक्षिणेला बाल्कनी आहे आणि वर सोसायटीची गच्ची. आईकडून आणलेला सोनटक्का आणि अनंत, दोन हेलिकोनिया, दोन अँथुरियम, तीन जास्वंदी, मोगरा आणि मागच्या नाताळात घेतलेलं पॉइनसेटिया असा माझा संसार. दरवर्षी डिसेंबरात निम्मी झाडं माना टाकतात. यंदा जानेवारी अर्धा सरला तरी रात्री पंखा लागतोय. जास्वंद फुलतेय, सोनटक्क्याला नवे कोंब आलेत, मोगऱ्यावर कळ्या दिसताहेत. निफाडचे दीर द्राक्षबागायतदार. ते म्हणाले, 'वहिनी, हीच वेळ आहे, खत मारा,' आणि १९:१९:१९ खताची पुडी आणि जीए नावाच्या संप्रेरकाची बाटली ठेवून गेले. सासूबाई म्हणतात, मोगरा अवेळी फुलणं बरं नव्हे. कुंड्या मोठ्या करू का? खत घालू का? थंडी नाही तरी अँथुरियमची पानं का करपताहेत? आणि पॉइनसेटिया हिरवंच का राहिलं?

तुमची, कोकणातून नाशिकला रुजलेली

अगं,

मावशी म्हणालीस, म्हणून सरळ एकेरीतच लिहिते. तुझं पत्र वाचत होते तेव्हा माझ्याही डोक्यावर पंखा फिरत होता. जानेवारीत, नाशकात! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा कुणी शाल पांघरून आलं नाही. सगळ्याजणी पदराने वारा घेत तिळगूळ खात होत्या.

आधी थेट उत्तर देते, म्हणजे खुरपं हातात घेऊन पुढचं वाचायला नको. कुंड्या आत्ता बदलू नकोस. पुडीतलं खत चालेल, पण दिरांच्या हाताने नाही, चिमटीने. बाटली त्यांना परत कर. सासूबाईंचं शेवटी बघू.

झाडाच्या घरखर्चाचं गणित असं असतं. पान उजेडात अन्न तयार करतं, ती त्याची कमाई. मुळापासून शेंड्यापर्यंत सगळं झाड दिवसरात्र श्वास घेतं, त्यात ते अन्न जळतं, तो खर्च. हा खर्च उबेबरोबर वाढतो. एरवी आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा झाड जवळजवळ उपासच करतं. कमाई कमी असली तरी खर्चही नाही, म्हणून निभतं. यंदा रात्री सोळा-सतराच्या खाली उतरेनात, म्हणजे खर्च चालू. दिवस मात्र जानेवारीचाच. २१ डिसेंबरच्या सुमाराला नाशिकला दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. हवा कितीही तापली तरी सूर्य काही आपलं वेळापत्रक बदलत नाही. त्यात यंदाचं ढगाळ आभाळ. तुझ्या सोनटक्क्याला वाटतंय मृग आला, पण त्याच्या ताटात वाढलंय पौषाचं.

खरं-खोटं करायचं असेल तर गच्चीवर जा. सोनटक्क्याचा नवा कोंब आणि शेजारचा भाद्रपदात फुललेला जुना दांडा एकत्र धर. दोन पानांमधलं अंतर बोटांनी मोज. जुन्या दांड्यावर पानं एकाला एक लागून बसलेली असतील, नव्यावर लांब लांब. नवं पान चिमटीत घेतलंस तर ओल्या कागदासारखं लागेल आणि रंगही पोपटी. आपण त्याला जोमाची वाढ म्हणून खूश होतो. झाड उजेड शोधत लांबलंय, इतकंच. अशा कोंबाला तू आणखी नत्र दिलंस तर ते आणखी लांबेल आणि मार्चच्या पहिल्या कडक उन्हात कोलमडेल.

तुला कोकणची सवय, म्हणून एक फरक सांगते. सावंतवाडीत थंडीतही रात्र फारशी गार होत नाही आणि हवेला कायम ओल असते. नाशिकची ऊब कोरडी. सकाळी अंगाला व्हॅसलीन लावावं लागतं ना, तसंच पानांचंही होतं. तेव्हा आईला फोन करून 'आमच्याकडे आता तुमच्यासारखंच झालंय' असं सांगू नकोस. ती म्हणेल, घाल मग शेणाचा काला. तिच्या अंगणात तो चालतो. तिसऱ्या मजल्यावर, आठ इंची कुंडीत, दक्षिणेच्या उन्हात नाही चालत.

आता थंडीचं. ती गेलेली नाही. यंदा रात्री उबदार आहेत त्या बऱ्याच अंशी ढगांमुळे. दिवसभर तापलेली जमीन, गच्ची, भिंती रात्री आपली उष्णता वर आभाळात सोडत असतात. ढग असले की ती उष्णता पुन्हा खाली येते. आभाळाने गोधडी पांघरल्यासारखं होतं. ढग हटले, उत्तरेचा कोरडा वारा आला आणि रात्री तो पडला, की एका रात्रीत पारा सहा-सात अंशांनी घसरतो. २०२४ आठव. नोव्हेंबरअखेर चांगला गारठा पडला होता. मग बंगालच्या उपसागरात फेंगल चक्रीवादळ आलं, आपल्याकडे ढग दाटले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लोकांनी स्वेटर कपाटात ठेवले. महिन्याच्या मध्याला पुन्हा हुडहुडी. निफाडला तर काय झालं असेल ते दिरांनाच विचार. तिकडे कडाक्याच्या रात्री पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडून ठेवतात. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात. माझा हिशोब तोच. शिवरात्र होईपर्यंत गोधडी माळ्यावर टाकायची नाही.

हे शहाणपण मला माझ्या गच्चीने शिकवलं. काही वर्षांपूर्वी असाच एक ऊबदार जानेवारी आला. मी उत्साहाने चार हेलिकोनियांच्या कुंड्या बदलल्या, शेणखत घातलं, पाणी वाढवलं. पंधरा दिवसांत प्रत्येकीने दोन-दोन सुरळ्या सोडल्या. दोन कुंड्या पाण्याच्या टाकीच्या स्लॅबखाली होत्या, दोन तिथून दोन हातांवर उघड्यावर. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक निरभ्र रात्र आली, पारा सहा-सातवर. सकाळी चहाचा कप घेऊन वर गेले तर उघड्यावरच्या दोघींची नवी पानं काचेसारखी दिसत होती, पाण्यात बुडवून काढल्यासारखी. मला वाटलं दव. हात लावला तर बुळबुळीत. दुपारपर्यंत ती काळी पडून उकडलेल्या पालकासारखी लोंबायला लागली. टाकीखालच्या दोघी मात्र जशाच्या तशा. हवा तीच, गच्ची तीच, खत तेच. फरक एवढाच की त्यांच्या डोक्यावर आभाळ नव्हतं.

म्हणून तुझ्या गच्चीवरच्या कोवळ्या कोंबांच्या कुंड्या आजच टाकीखाली, जिन्याच्या छपरीखाली किंवा भिंतीला चिकटून घे. बाजूने आडोसा करण्यापेक्षा वरून झाकणं महत्त्वाचं. जागा नसेल तर चार काठ्या रोवून वर जुनी सुती साडी टाक. प्लास्टिक नको, ते पानाला टेकलं की पान तिथेच गारठतं आणि सकाळी ऊन आलं की आत वाफ कोंडते. साडी रोज घालायची गरज नाही. संध्याकाळी आभाळ स्वच्छ असेल, चांदण्या ठळक दिसत असतील आणि वारा पडला असेल तर घालायची. सकाळी उन्हाआधी काढायची. आणि साडी सुतीच हवी. माझी एक जुनी इरकली याच कामात गेली. सासूबाई हयात असत्या तर माझी खैर नव्हती.

अँथुरियम. तुझ्या प्रश्नांत सगळ्यात चांगला प्रश्न हा. थंडी नाही तरी पानं करपतात, कारण ती थंडीने करपतच नाहीयेत. दक्षिणेच्या बाल्कनीत जूनमध्ये काय दिसतं आठव. सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर नाशिकला भर दुपारी तो अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीही पडत नाही. तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅब तुझ्या बाल्कनीला छत्रीसारखा पुरतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो. डिसेंबरअखेर दुपारी बारालाही तो अर्ध्या आभाळापर्यंतच चढतो, आणि ऊन तिरपं होऊन बाल्कनीत थेट आत शिरतं. जिथे पावसाळ्यात अँथुरियम सावलीत सुखाने बसलं होतं, तिथेच आता त्याच्यावर तीन-चार तास ऊन पडतंय. कोलंबिया-इक्वेडोरच्या दाट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीतलं हे झाड. त्याला उजेड हवा, ऊन नको. एरवीच्या हिवाळ्यात गारव्यामुळे हे ऊन थोडं तरी सुसह्य असतं, यंदा तेही नाही.

पण एकदा पान नीट बघ. डाग कुठे आहे? पानाच्या मध्यावर, उन्हाकडे असलेल्या फुगीर भागावर, फिकट पांढुरका आणि मग कागदासारखा तपकिरी असेल, तर ऊन. कुंडी दोन फूट मागे सरकव किंवा पातळ पडदा लाव, काम झालं. डाग काठाकाठाने असेल, टोकापासून सुरू होऊन आत सरकत असेल, तर पाणी. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे का? कुंडीच्या काठाला, मातीच्या वर पांढरी खर जमली असेल तर पाण्यातले क्षार मुळांशी साचताहेत. यंदा ऊब असल्याने तू पाणी जास्त घातलं असशील, ते उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत ठेवून नळाचं, म्हणजे महापालिकेचं पाणी भरपूर ओत. खालून मनसोक्त वाहू दे. आणि बोअरला सॉफ्टनर बसवला असेल तर ते पाणी झाडांना बिलकुल नको, त्यात सोडियम असतं. माणसाच्या केसांना चांगलं, झाडाला वाईट.

अँथुरियम मातीत असेल तर तेही एक कारण. त्याच्या मुळांना हवा लागते. नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, लाकडी कोळसा, विटेचे खडे आणि मूठभर गांडूळखत, बस. पण ही अदलाबदल मार्चमध्ये. आत्ता नाही, हे पुन्हा सांगते.

आणि पानांवर पाणी फवारून ओलावा वाढत नाही, पाच मिनिटांत ते वाळतं. परातीत खडे पसरून खड्यांच्या खाली राहील इतकं पाणी ठेव, वर कुंड्या. शिवाय सगळी झाडं जवळजवळ ठेव. झाडांची झाडांना सोबत होते, ही गोष्ट मी भावनेने म्हणत नाहीये. एकमेकांच्या पानांतून उडालेल्या पाण्याने त्यांच्यामधली हवा ओलसर राहते.

आता दीर. त्यांच्यावर रागावू नकोस, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, ऑक्टोबरात होते, जानेवारीत वेलीवर घड भरत असतात, तेव्हा तिला खुराक लागतोच. तुझ्या बाल्कनीतल्या कुणाचीच ऑक्टोबरात छाटणी झालेली नाही आणि कुणालाच घड भरायचे नाहीत. १९:१९:१९ वाईट नाही. नत्र, स्फुरद, पालाश सारखं. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढं, आणि तेही फक्त जास्वंदीला, महिन्यातून एकदा, माती ओली असताना. बाकी सगळ्यांना शिवरात्रीनंतर. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. बिनबियांच्या द्राक्षाचा घड मोकळा व्हावा, मणी लांबावा म्हणून ते वापरतात, आणि तेही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मात्रेत. पेशी ताणून लांब करणं हे त्याचं काम. आधीच लांबलेल्या सोनटक्क्यावर ते मारणं म्हणजे काय, ते तूच ठरव. बाटली परत करताना दिरांकडून मूठभर काळी माती आणि पोतंभर चांगलं कुजलेलं शेणखत मागून घे. शहरात ते पैसे देऊनही धड मिळत नाही. पिशवीवर शेणखत लिहिलेलं असतं आणि आत कचरा आणि काचा निघतात.

जास्वंद फुलतेय म्हणालीस, छान. माघी गणेश जयंतीला बाजारात लाल जास्वंदीचे भाव बघशील तेव्हा स्वतःचं कौतुक वाटेल. पण तिच्या पानांची पाठ कधी बघितलीस? दरवर्षी थंडी आपल्यासाठी एक काम गुपचूप करते, किडींची पैदास मंदावते. यंदा त्यांना सुट्टीच मिळाली नाही. मिलीबग, मावा, फुलकिडे, लाल कोळी सगळे हजर असणार. एक पांढरा कागद घे, फांदीखाली धर आणि फांदी टिचकीने झटक. कागदावर मिरपुडीसारखे कण पडतील. मिनिटभर टक लावून बघ. कण चालायला लागले तर कोळी आहे. कोरड्या उबेत तो भराभर वाढतो आणि पानं धुरकट, निस्तेज दिसायला लागतात. आपल्याला वाटतं धूळ बसली. नळाला पाइप लावून पानांच्या खालून जोरात पाणी मार, चार-चार दिवसांनी तीनदा. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.

मिलीबग कापसासारखी बगलेत बसलेली दिसेल. लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलि कडुलिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, चांगलं घुसळून संध्याकाळी फवार. दुपारी उन्हात फवारलंस तर पानं भाजतील. आणि मुंग्या बघ. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर नुसती फवारणी वाया जाईल, कारण मिलीबगच्या गोड चिकट्यासाठी मुंग्याच तिला सांभाळतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेव, रांग तुटेल. (ताटलीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून टाक, नाहीतर डास होतील आणि महापालिकेची माणसं येऊन नोटीस देतील.)

कळ्या न उमलता गळत असतील तर तुटलेली कळी उभी चिरून बघ. आत बारीक अळ्या असतील तर खाली पडलेल्या सगळ्या कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून टाकायच्या, कुंडीत कुजू द्यायच्या नाहीत. आत काहीच नसेल तर पाण्याचा अनियमितपणा. यंदा सगळ्यांचीच पाण्याची सवय बिघडलीय. मन म्हणतं जानेवारी आहे, दोन दिवसांआड घालू. हवा म्हणते रोज घाल. कॅलेंडर विसर. बोटाची दोन पेरं मातीत घाल, कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर नाही. छोटी कुंडी असेल तर उचलून वजनाने कळतं. पाणी सकाळीच.

पॉइनसेटिया. इथे उबेपेक्षा मोठा गुन्हेगार दुसरा आहे. हे मेक्सिकोचं झाड रात्रीची लांबी मोजतं. सलग तेरा-चौदा तासांचा काळोख, तोही दोन महिने रोज मिळाला की वरची पानं लाल होतात. (ती पानंच असतात, फुलं मधली बारीक पिवळी.) नर्सरीतून घेतलंस तेव्हा ते लाल होतं, कारण तिथे हा काळोख सांभाळतात. तुझ्या बाल्कनीसमोर रस्त्याचा एलईडी दिवा आहे का? किंवा सोसायटीच्या गेटचा? माझी पैज आहे, असणारच. झाडाला वाटतं रात्र झालीच नाही. रात्री फार उबदार असल्या तरी लाली लांबते, पण दिवा हेच खरं कारण असेल. शेवंतीचंही असंच असतं. पॉलीहाऊसवाले हेच मुद्दाम करतात, शेवंतीला रात्री दिवे लावून कळी लांबणीवर टाकतात. यंदाची वेळ गेली. मार्चमध्ये अर्ध्यावर छाट, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून रोज संध्याकाळी पाचला त्यावर पुठ्ठ्याचं खोकं घाल, सकाळी आठला काढ. एखाद्या दिवशी विसरलीस तर लगेच बिघडत नाही, पण आठवडाभर गावाला जाणार असशील तर शेजारणीला घराची चावी देऊन जा.

अनंताचं सांगायचं तर तो तुझ्या यादीतला एकटाच, ज्याला या उबेचा तोटा होणार आहे. बाकीची कोकणी मंडळी गारव्याला घाबरतात. अनंताला कळी धरायला गार रात्री लागतात. उन्हाळ्यात कमी फुलला तर स्वतःला दोष देऊ नकोस. त्याला रात्री गच्चीवर ठेव, सगळ्यात गार कोपऱ्यात. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर पुन्हा तेच, बोअरचं पाणी. त्याला आंबट माती आवडते. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर ते सगळं अनंतालाच दे.

सोनटक्क्याचे पिवळे पडलेले दांडे जमिनीलगत काप. नवे कोंब राहू देत, पण त्यांच्यावर जीव लावू नकोस. त्यातले निम्मे टिकणार नाहीत आणि त्याने काही बिघडत नाही. खरा माल मातीखालचे गड्डे आहेत. पाणी कमी, पण माती ठणठणीत कोरडी नको. हेलिकोनियाही तसेच, फक्त ते टाकीखाली जाऊ देत.

मोगरा. आपल्याकडे डिसेंबरात मोगऱ्याचं पाणी दोन-तीन आठवडे तोडतात, मग छाटणी, मग खतपाणी, आणि फेब्रुवारीअखेरपासून बहर. तू पाणी तोडलं नसशील, हवा उबदार, म्हणून त्याने मधेच चार कळ्या टाकल्या. अपशकुन वगैरे काही नाही. फुलं बारीक येतील आणि वासही थोडा कमी. आता त्या कळ्या उमलू देत. त्यांची वेणी होणार नाही, पण देवाला आणि सासूबाईंच्या अंबाड्याला पुरतील. मोगऱ्याचं पहिलं फूल त्यांच्या केसांत माळ, मग बघू किती अवेळी वाटतं ते. एखादी कळी जांभळट पडून छिद्र दिसलं तर आत अळी आहे, ती कळी खुडून टाक. फुलं संपली की लगेच पाणी तोड, दहा-बारा दिवसांनी पानं मलूल झाली की वितीवर छाट, आणि मगच दिरांचं शेणखत. बहर यंदा मार्चच्या मध्याला जाईल, जाऊ दे.

कुंड्यांचं वेळापत्रक मग असं पडतं. शिवरात्र झाली, आठ-दहा दिवस रात्री पंधराच्या वर राहिल्या, की अँथुरियम आणि हेलिकोनिया. जास्वंदी त्याच सुमाराला हलक्या छाटून. सोनटक्क्याचे गड्डे मात्र मेअखेरीला फोडायचे, पाऊस दारात असताना. एका वेळी कुंडीचा आकार दोन इंचांनीच वाढव. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात.

नव्या रोपांची खरेदी आत्ता नको. महापालिकेचा पुष्पोत्सव साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये राजीव गांधी भवनात भरतो, तिथे जा, बघ, नावं लिहून घे. मोगलाईत या गावाला गुलशनाबाद म्हणायचे, त्याची त्या तीन दिवसांत तरी आठवण येते. ऑर्किड घ्यायचं असेल तर नर्सरीत वाढवलेलं घे. सह्याद्रीच्या झाडांवरून ओरबाडून आणलेली सीतेची वेणी कुणी देऊ केली तर घेऊ नकोस. ती तुझ्या बाल्कनीत वर्षभरही जगायची नाही आणि त्या झाडावरूनही गेली.

आणि शेडनेटचं काम होळीपर्यंत ठेवू नकोस. २०२५ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी ठरला होता. तेव्हा माझ्या अँथुरियमला नेट लावायला मी मार्चची वाट बघत बसले आणि शिवरात्रीपर्यंत त्याची तीन पानं भाजून बसली होती. हिरवं, पन्नास टक्के सावलीचं नेट आण. आत्ताच गच्चीच्या कठड्याला हुक मारून घे आणि नेट गुंडाळून तिथेच बांधून ठेव. थंडीची रात्र आली तर साडी, उन्हाची दुपार आली तर नेट. यंदा दोन्ही एकाच आठवड्यात लागतील अशी तयारी हवी.

तुझी,
मावशी